कार्ल किंग आणि फोर्ट डॉजचा नगर-बँड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्ल किंग कोण होते?

कार्ल किंग हे अमेरिकेतील बँडमास्टर, मार्चचे, म्हणजे संचलनाच्या ठेक्यातील बँड-रचनांचे, रचनाकार आणि स्वतःच्या रचना छापणारे प्रकाशक होते. त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९१ रोजी ओहायो राज्यातील पेंटर्सव्हिल या खेड्यात झाला. विशीत ते सर्कशीच्या बँडमध्ये होते. १९२० साली ते आयोवा राज्यातील फोर्ट डॉज या लहान शहरात स्थायिक झाले आणि ३१ मार्च १९७१ रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धशतक, त्यांनी तेथील नगर-बँडचे संचालन केले. एवढे नाव झालेला रचनाकार न्यूयॉर्क किंवा शिकागो सोडून मक्याच्या शेतांनी वेढलेल्या गावात का राहिला, असा प्रश्न त्यांच्याविषयी वाचताना पडतो. पुढील बहुतेक उत्तरे या ना त्या प्रकारे त्याच प्रश्नाशी जोडलेली आहेत.

कम्युनिटी बँड म्हणजे नेमके काय? ऑर्केस्ट्रापेक्षा तो वेगळा कसा?

गावातील किंवा शहरातील हौशी आणि अर्धव्यावसायिक वादकांनी एकत्र येऊन चालवलेला, फुंकून वाजवायच्या वाद्यांचा आणि तालवाद्यांचा समूह म्हणजे कम्युनिटी बँड होय. यात बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, कॉर्नेट, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा आणि ड्रम असतात, परंतु ऑर्केस्ट्राचा कणा असलेला व्हायोलिन-कुळातील वाद्यांचा ताफा नसतो. त्यामुळे बँडमध्ये व्हायोलिनची जागा मुख्यतः क्लॅरिनेटना भरून काढावी लागते. ही वाद्ये उघड्यावर ऐकू जातात, उन्हापावसात तंतुवाद्यांइतकी लवकर बिघडत नाहीत आणि चालता चालता वाजवता येतात, म्हणून बागेतील चौथरा, जत्रा, मिरवणूक आणि स्मृतिदिनाचे समारंभ हेच बँडचे खरे रंगमंच ठरले. पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउन बँडचा इतिहास १८२८पासूनचा आहे, यावरून ही परंपरा किती जुनी आहे ते लक्षात यावे.

किंग यांचे संगीतशिक्षण कोठे झाले?

रूढ अर्थाने ते फारसे झालेच नाही. बालपण ओहायोतील कँटन येथे गेले, शाळा लवकर सुटली आणि काही काळ छापखान्यात काम करावे लागले. प्रथम त्यांनी कॉर्नेट हाती घेतले आणि नंतर ते बॅरिटोनकडे वळले. पियानोचे मोजके धडे आणि हार्मनीचा, म्हणजे स्वरांच्या एकत्रित मेळाचा, एखादा धडा एवढीच त्यांची औपचारिक शिदोरी सांगितली जाते. बाकी सारे ते गावातल्या बँडमध्ये, शेजारी बसलेल्या अधिक जाणत्या वादकांचे ऐकत आणि छापील स्वरलेखनाच्या प्रती चाळत शिकले.

वाद्याची निवड येथे महत्त्वाची ठरली. बॅरिटोन किंवा त्याचा अधिक भरदार नातलग युफोनियम ही बँडमधली मधल्या सप्तकातील वाद्ये आहेत. त्यांच्या वादकाला कधी मुख्य चाल मिळते, कधी तळाच्या स्वरांना साथ द्यावी लागते, तर कधी मुख्य चालीच्या पोटातून स्वतंत्र उपचाल वाजवावी लागते. अशा जागी बसणाऱ्याला संपूर्ण वाद्यवृंद आतून ऐकू येतो. किंग यांच्या मार्चमधील युफोनियमच्या ओळी आजही वादकांना हव्याहव्याशा आणि थोड्या धास्तीच्या वाटतात, याचे मूळ तेथे आहे असे मला वाटते. १९१० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी प्रसिद्ध झालेला ‘द मेलडी शॉप’ हा मार्च त्याचे ठळक उदाहरण आहे.

सर्कशीच्या बँडमध्ये काम काय असे?

लोक समजतात त्यापेक्षा ते कितीतरी कठीण असे. प्रेक्षकांना खेळ दिसे, पण त्या खेळाची गती बँड सांभाळत असे. प्रवेशाच्या मिरवणुकीला मार्च, झुल्यावरच्या कसरतींना तीन मात्रांचा झुलता वॉल्ट्झ, घोडदौडीला आणि विदूषकांच्या धावपळीला गॅलप नावाची अतिद्रुत रचना, अशी विभागणी असे. घोड्याने चाल बदलली की जनावर बँडच्या लयीत येण्याची वाट पाहता येत नसे, बँडलाच जनावराच्या पावलांशी जुळवून घ्यावे लागे. बँडमास्टरचा एक डोळा कायम रिंगणावर असे. कसरतपटूचा हात सुटला किंवा एखादा खेळ लांबला, तर चालू रचना अर्ध्यावर तोडून, मान किंवा हात हलवून, पुढची रचना त्याच क्षणी सुरू करावी लागे. दिवसाला दोन खेळ, त्याखेरीज सकाळी गावातून मिरवणूक आणि रात्री आगगाडीने पुढचा मुक्काम, असा हंगामभर क्रम चाले. या वादकांना अमेरिकेत ‘विंडजॅमर’ म्हणत.

संकटकाळी प्रेक्षकांना न घाबरवता कर्मचाऱ्यांना सावध करण्यासाठी ठरलेला एक मार्च असे. ६ जुलै १९४४ रोजी हार्टफर्ड येथे सर्कशीच्या तंबूला भीषण आग लागली तेव्हा मर्ल एव्हान्स यांच्या बँडने तोच मार्च वाजवला होता. किंग तेव्हा सर्कशीत नव्हते, पण त्यांचे तारुण्य याच शिस्तीत गेले होते.

१९१०पासून त्यांनी निरनिराळ्या सर्कशींत बॅरिटोन वाजवले. १९१३ साली ते बार्नम अँड बेली सर्कशीत आले आणि बँडमास्टर नेड ब्रिल यांच्या सांगण्यावरून त्यांनी ‘बार्नम अँड बेलीज फेव्हरिट’ हा मार्च लिहिला. रचनाकार तेव्हा बावीस वर्षांचा होता. पुढे सेल्स-फ्लोटो सर्कशीत त्यांच्याकडे संचालन आले आणि १९१७ व १९१८ या दोन हंगामांत ते बार्नम अँड बेलीचे बँडमास्टर होते. त्यांच्या पत्नी रूथ त्याच सर्कशीत कॅलायोपी, म्हणजे दाबाच्या हवेवर शिट्ट्या वाजवणारे पेटीसारखे वाद्य, वाजवत असत.

मग सर्कस सोडून ते फोर्ट डॉजला का गेले?

कारणे एकाहून अधिक होती. लग्न झाले होते, वर्षातील निम्मा काळ गाडीच्या डब्यात काढण्याचे वय सरत होते आणि १९१९ साली बार्नम अँड बेली ही सर्कस रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीत विलीन झाली. किंग यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था सुरू केली होती आणि प्रकाशकाला स्थिर पत्ता लागतो. अशा वेळी फोर्ट डॉजच्या बँडला संचालक हवा होता.

डे मॉइन नदीकाठचे हे शहर जिप्समच्या खाणींसाठी प्रसिद्ध होते. एकोणिसाव्या शतकात ‘कार्डिफचा राक्षस’ म्हणून गाजलेला बनावट दगडी मानव येथील जिप्समच्या शिळेतूनच कोरला होता आणि पी. टी. बार्नम यांनी त्याचीही नक्कल करून प्रेक्षकांना दाखवली होती. बार्नम यांच्या नावाच्या सर्कशीतून निघालेला बँडमास्टर नेमका या गावी येऊन स्थिरावावा, हा योगायोग गमतीचा आहे.

बँडचा खर्च कोण करत असे?

या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय किंग यांची कारकीर्द समजत नाही. त्या काळी गावोगावचे बँड वर्गणी, दुकानदारांची मर्जी आणि तिकिटे यांवर चालत. एखादे वर्ष पिकाचे वाईट गेले की संचालक दुसऱ्या गावी निघून जाई, वाद्ये कोणाच्या तरी माळ्यावर पडत आणि काही वर्षांनी सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागे. आयोवातील क्लॅरिंडा येथील बँडमास्टर जॉर्ज लँडर्स यांनी यावर कायद्याचा उपाय शोधला. त्यांच्या प्रयत्नांतून १९२१ साली आयोवात ‘बँड कायदा’ संमत झाला.

या कायद्याची रचना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. चाळीस हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या शहराला बँडसाठी मालमत्तेवर जास्तीत जास्त दोन मिल, म्हणजे करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे दोन डॉलर, एवढा कर बसवता येई. मात्र नगर परिषदेला तो परस्पर लादता येत नसे. दहा टक्के मतदारांनी सह्या करून मागणी करायची, मग त्यावर सार्वमत घ्यायचे आणि बहुमत मिळाले तरच कर लागू करायचा, अशी अट होती. त्याच मार्गाने तो रद्द करण्याचीही सोय ठेवली होती. म्हणजे बँड हवा की नको हे धनिकाने किंवा पुढाऱ्याने नव्हे, तर कर भरणाऱ्या नागरिकाने ठरवायचे होते. पुढे अनेक राज्यांनी या धर्तीवर कायदे केले.

किंग यांनी १९२३ साली ‘आयोवा बँड लॉ’ याच नावाचा मार्च लिहून तो लँडर्स यांना अर्पण केला. करविषयक कायद्यावर रचलेल्या आनंदी चाली जगाच्या संगीतात फार नसाव्यात! विनोद बाजूला ठेवला तरी त्यामागची कृतज्ञता खरी होती. तालमीची जागा, नोटेशनच्या प्रती, वादकांना दर कार्यक्रमामागे मिळणारे अल्प मानधन आणि संचालकाचा पगार यांची वर्षानुवर्षे शाश्वती असेल, तरच एखादा माणूस पन्नास वर्षे एका बँडला देऊ शकतो. किंग यांच्या चिकाटीचे कौतुक सर्वत्र होते, पण त्या चिकाटीला उभे राहायला जमीन देणाऱ्या या कायद्याचा उल्लेख पुष्कळदा राहून जातो.

शाळेत शिकवत नसताना त्यांना संगीतशिक्षक का म्हणावे?

याचे उत्तर विसाव्या शतकातील अमेरिकी शालेय बँडच्या वाढीत आहे. पहिल्या महायुद्धानंतर लष्करी बँडमधून परतलेले अनेक वादक शाळांमध्ये शिकवू लागले आणि लष्कराची मागणी संपल्याने वाद्य-उत्पादकांनाही नवे गिऱ्हाईक हवे होते. १९२३ साली शिकागो येथे पहिली राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा भरली ती या उत्पादकांच्याच आधाराने. ओहायोतील फॉस्टोरियाच्या शाळेने ती जिंकली. पुढे इलिनॉयमधील जोलिएटच्या शाळेने ए. आर. मॅकॲलिस्टर यांच्या हाताखाली लागोपाठ विजय मिळवले आणि खेड्यापाड्यांतील शाळांना बँडचे वेड लागले.

या हजारो मुलांनी वाजवायचे काय, हा पेच होता. व्यावसायिक बँडसाठी लिहिलेले मार्च शाळकरी मुलांच्या ओठांना आणि बोटांना झेपत नसत, आणि सोप्या म्हणून छापलेल्या पुष्कळ रचना इतक्या नीरस असत की मूल दुसऱ्या आठवड्यात कंटाळावे. किंग यांनी आपले लेखन या गरजेकडे वळवले. मार्च, वॉल्ट्झ, छोट्या ओव्हर्चर (मैफलीच्या आरंभी वाजवायच्या रचना) अशा रचना त्यांनी सातत्याने लिहिल्या, स्वतः छापल्या आणि माफक किमतीत शाळांपर्यंत पोहोचवल्या. जोडीला ते स्पर्धांचे परीक्षण करत आणि महोत्सवांत शेकडो मुलांच्या एकत्रित बँडचे संचालन करत. आयोवातील बँडशिक्षकांची संघटना उभी करणाऱ्यांतही ते होते. ज्या मुलाने किंग यांना कधी पाहिलेही नाही, त्याला सुरुवातीच्या काळात वाक्यासारखा सलग श्वास कोठे घ्यायचा, जोरदार आणि हळुवार यांत फरक कसा करायचा हे त्यांच्या छापील पानाने शिकवले. हे शिक्षण वर्गातल्या शिक्षणापेक्षा कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही.

सोपी रचना लिहिणे म्हणजे नेमके काय?

कमी स्वर लिहिणे एवढाच त्याचा अर्थ नाही. कॉर्नेटवर जसजसे वर जावे तसतसा ओठांवर ताण येतो, म्हणून नवशिक्याची चाल मधल्या सप्तकात ठेवावी लागते आणि उंच स्वर आलाच तर त्यापूर्वी विश्रांती द्यावी लागते. क्लॅरिनेटवर खालच्या सप्तकातून वरच्या सप्तकात जाताना सगळी बोटे एकदम झाकावी लागतात. हा सांधेबदल मुलांना सर्वांत जड जातो, तेव्हा तो द्रुत लयीत टाळणे शहाणपणाचे असते. ट्रॉम्बोनला पडदे किंवा कळा नसतात, दांडा सरकवावा लागतो, त्यामुळे दूरच्या जागा लागोपाठ दिल्या तर मुलाचा हात पुरत नाही.

आणखी एक अडचण हौशी बँडमध्ये नेहमीची आहे. गुरुवारच्या तालमीला दुसरा हॉर्न येईलच याची खात्री नसते. अशा वेळी महत्त्वाची चाल एकाच वाद्याला दिली तर रचना कोसळते. किंग यांच्यासारखे अनुभवी रचनाकार ती चाल दोन-तीन वाद्यांत वाटून ठेवतात आणि तरीही प्रत्येकाच्या वाट्याला निदान एक तरी रंगतदार जागा देतात. मार्चच्या साच्यात छोटी प्रस्तावना, दोन भाग, मग खालच्या किंवा शेजारच्या स्वरपट्टीत जाणारा गेय ‘ट्रायो’ आणि बहुधा एक आवेशपूर्ण मध्यंतर असते. त्या मध्यंतरात तळाच्या वाद्यांना गर्जायला मिळते. ट्यूबावाला एरवी सगळा वेळ दोनच स्वर वाजवत असतो, हे लक्षात घेतले तर या जागेचे मोल कळेल.

फोर्ट डॉजमध्ये वर्षाचा क्रम कसा असे?

हिवाळ्यात सभागृहातील मैफली आणि तालमी, उन्हाळ्यात उद्यानातील खुले कार्यक्रम, आणि मग आयोवा स्टेट फेअरसह जत्रांचा हंगाम. ओलेसन पार्कमधील खुला संगीतमंच १९३८ साली बांधला गेला. आज त्याला किंग यांचे नाव आहे आणि बँडही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

त्यांना कोणते मान मिळाले?

अमेरिकन बँडमास्टर्स असोसिएशनचे ते अध्यक्ष झाले. शाळा अर्धवट सुटलेल्या या माणसाला १९५३ साली ओक्लाहोमातील फिलिप्स विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. इलिनॉय विद्यापीठाच्या बँडसाठी लिहिलेला ‘प्राइड ऑफ द इलिनाय’ हा मार्च तेथे आजही वाजतो, आणि बँडवाल्याच्या लेखी तो मान पदवीहून मोठा असावा.

त्या काळाच्या कोणत्या मर्यादा लक्षात घ्याव्यात?

सर्कशीचा मोठा तंबू गोऱ्या वादकांचा होता. कृष्णवर्णीय वादकांना बाजूच्या छोट्या तंबूत, ‘साइडशो’मध्ये वाजवावे लागे. पी. जी. लोअरी हे असाधारण कॉर्नेटवादक आणि बँडमास्टर होते, परंतु त्यांची कारकीर्द मुख्यतः त्याच तंबूत गेली. त्या छोट्या तंबूंतून रॅगटाइम हे कृष्णवर्णीयांचे तालप्रधान संगीत अमेरिकेच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले, हे खरे असले तरी त्यामुळे अन्याय सौम्य होत नाही. नगर-बँडही दीर्घकाळ पुरुषांचेच होते. ही दारे उघडण्यात शालेय बँडचा वाटा मोठा आहे, कारण मुली शाळेत वाद्य शिकल्या आणि पुढे त्यांना गावच्या बँडमध्ये जागा नाकारणे अवघड झाले.

किंग यांचा भारताशी काही संबंध आहे का?

थेट नाही. ‘द प्रिन्सेस ऑफ इंडिया’ नावाची त्यांची ओव्हर्चर शालेय बँडमध्ये बरीच वाजली, पण तिच्यातील ‘भारत’ हा सर्कशीच्या पौर्वात्य देखाव्यांमधला आहे. तिच्यात आपला राग किंवा ताल शोधायला गेल्यास निराशा पदरी येईल. मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा धागा सर्कस आणि संगीत यांच्या नात्याचा आहे. विष्णुपंत छत्रे यांनी १८८०च्या सुमारास भारतीय सर्कस उभी केली आणि ग्वाल्हेर परंपरेतील गायक रहिमतखाँ यांना तिच्याच छायेत सांभाळले. सर्कशीच्या उत्पन्नावर एका थोर गवयाचे आयुष्य सावरले गेले, हे उदाहरण अमेरिकी बँडवाल्यांनाही नवल वाटावे असे आहे.

आम्ही अमेरिकेत राहतो. मुलीने शाळेच्या बँडमध्ये नाव दिले आहे. काय लक्षात ठेवावे?

बहुतेक ठिकाणी चौथी ते सहावीच्या दरम्यान वाद्य निवडायला सांगतात. सुरुवातीला वाद्य विकत न घेता भाड्याने घ्यावे. ट्यूबासारखी मोठी वाद्ये अनेकदा शाळाच देते. सगळी मुले बासरी, सॅक्सोफोन आणि ड्रमकडे धावतात, त्यामुळे युफोनियम किंवा हॉर्न निवडणाऱ्या मुलाला शिक्षकाचे लक्ष अधिक मिळते. रोज पंधरा-वीस मिनिटांचा सराव आठवड्यातून एकदा केलेल्या दोन तासांहून उपयोगी असतो, कारण ओठांचे स्नायू हळूहळूच तयार होतात. मुलगी घरी हार्मोनियम किंवा गाणे शिकत असेल तर ते थांबवू नये. स्वर कानात पक्का असलेले मूल बँडमध्ये लवकर सुरात येते. बेसूर आवाजाचे पहिले काही महिने मात्र घरच्यांनी सोसायचे असतात.

आज या क्षेत्रात कारकीर्द करायची असेल तर मार्ग कोणता?

किंग यांच्यासारखा केवळ नगर-बँडच्या संचालनावर संसार चालवणे आता फारच थोड्यांना शक्य आहे. बहुतेक संचालक सरकारी शाळेत बँड शिकवतात. त्यासाठी संगीतशिक्षणाची पदवी आणि त्या राज्याचा अध्यापन-परवाना लागतो. आठवड्यातील एका संध्याकाळी ते गावच्या बँडची तालीम घेतात आणि त्याचे मानधन बेताचे असते. पदवीत सर्व प्रमुख वाद्ये थोडी थोडी वाजवायला शिकवतात, आणि तेच पुढे सर्वाधिक कामी येते. हौशी वादकांसमोर उभे राहण्यासाठी आणखी काही लागते. दिवसभर नोकरी करून आलेल्या साठ वर्षांच्या क्लॅरिनेटवादकाला चूक कशी सांगायची, आणि शेजारी बसलेल्या सोळा वर्षांच्या तरबेज मुलीला कंटाळा कसा येऊ द्यायचा नाही, हे पुस्तकात सापडत नाही. त्यासाठी एखाद्या कम्युनिटी बँडमध्ये मागच्या रांगेत बसून दोन-तीन वर्षे वाजवणे उत्तम.

ऐकायला सुरुवात कोठून करावी?

प्रथम ‘बार्नम अँड बेलीज फेव्हरिट’ ऐकावा, शक्यतो सर्कशीच्या मूळ द्रुत लयीत वाजवलेला. नंतर ‘द मेलडी शॉप’ लावून वरची चाल सोडून फक्त युफोनियमचा माग काढावा. हिंस्र श्वापदांचे शिक्षक क्लाइड बीटी यांच्या खेळाशी जोडलेला ‘द बिग केज’ हा गॅलप आणि ‘एन्चँटेड नाइट’ हा संथ वॉल्ट्झ लागोपाठ ऐकले तर त्यांच्या शैलीची दोन टोके कळतात. पहिल्या दोन्ही मार्चवरील स्वामित्वहक्काची मुदत अमेरिकेत संपली आहे, त्यामुळे तेथील शाळांना आणि हौशी बँडना त्यांच्या जुन्या छापील प्रती विनामूल्य वापरता येतात.